पाडव्याला कुंड्या बदलू नका: वसंतात बागेची कामे कोणत्या क्रमाने करावीत

दर वर्षी एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात मला तोच फोटो येतो. नव्या कोऱ्या मोठ्या कुंडीत मोगरा, माती ओलीकच्च, पाने मात्र लोंबलेली. खाली प्रश्न: "पाणी कमी पडतंय का?" पाणी कमी पडलेले नसते. पाडव्याच्या मुहूर्तावर कुंडी बदललेली असते, त्याच दिवशी वरून खत दिलेले असते आणि कुंडी नेहमीच्या जागी, म्हणजे पश्चिमेच्या कठड्यावर परत ठेवलेली असते. तीन चुका, एका दिवसात.

घोळ बहुतेक वेळा व्हिडिओ बघून होतो. थंड देशांत वसंत म्हणजे झाडांना जाग येण्याचा, कोवळ्या उन्हाचा काळ, त्यामुळे तिथे सगळी लावणी तेव्हाच करतात. आपल्या पंचांगात वसंत म्हणजे चैत्र-वैशाख, आणि 'वैशाख वणवा' हा शब्दही आपलाच. झाडांना नवी पालवी इथेही फुटते, पण तिच्या पाठोपाठ चाळिशीतले तापमान येते. म्हणून इथली कामे उन्हाळ्याच्या तयारीची आहेत, आणि ती ठरावीक क्रमानेच करावी लागतात.

खाली लिहिलेले पुण्यातल्या माझ्या तिसऱ्या मजल्यावरच्या बाल्कन्या आणि सोसायटीची गच्ची डोळ्यांसमोर ठेवून आहे. विदर्भात आणि मराठवाड्यात हीच कामे दोन आठवडे आधी उरका. कोकणात, मुंबईत आणि गोव्यात पारा एवढा चढत नाही, तिथे थोडी सवलत आहे.

## सुरू करण्याआधी: सण नव्हे, पारा बघा

"होळी जळाली, थंडी पळाली" हे ठीक आहे, पण सणांवर बागेचे वेळापत्रक बांधू नका. २०२४ मध्ये पाडवा ९ एप्रिलला होता, २०२५ मध्ये ३० मार्चला आणि २०२६ मध्ये १९ मार्चला. तीन आठवड्यांचा फरक. १९ मार्चला जी कुंडी बदलून निभावते, ती ९ एप्रिलला निभावत नाही.

माझा ठोकताळा साधा आहे. दुपारचे तापमान सलग चार दिवस ३७ अंशांच्या वर गेले, की मुळांना हात लावायचे काम बंद. पुण्यात याचा अर्थ छाटणी आणि कुंडी बदलणे फेब्रुवारीच्या सुरुवातीपासून मार्चच्या मध्यापर्यंत. त्यानंतर फक्त आच्छादन, पाणी आणि राखण.

## टप्पा १: ऊन कुठे सरकले ते बघा

हा टप्पा जवळजवळ सगळेच गाळतात, आणि मला विचाराल तर हाच सगळ्यात महत्त्वाचा आहे.

हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडून तिरपा जातो. त्यामुळे दक्षिणेच्या बाल्कनीत ऊन अगदी दारापर्यंत येते आणि उत्तरेच्या बाल्कनीला सूर्यदर्शनच नसते. २०-२१ मार्चला सूर्य बरोबर पूर्वेला उगवतो, आणि तिथून पुढे रोज थोडा थोडा उत्तरेकडे सरकतो. एप्रिलमध्ये दक्षिणेच्या बाल्कनीवर दुपारी वरच्या मजल्याच्या स्लॅबची सावली पडते. उत्तरेच्या बाल्कनीत मात्र सकाळ-संध्याकाळचे तिरपे ऊन घुसायला लागते. शून्य सावलीचा दिवस, म्हणजे भरदुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येऊन उभ्या काठीची सावली नाहीशी होते तो, पुण्यात १३-१४ मेच्या सुमारास, मुंबईत १५ मेला आणि नागपुरात २६ मेच्या आसपास असतो. त्यानंतर जुलैअखेरपर्यंत दुपारचा सूर्यही आपल्या उत्तरेला असतो.

माझी उत्तरेच्या बाल्कनीतली नेचे दोन वर्षे लागोपाठ करपली तेव्हा मी नर्सरीवाल्याला दोष देत होते. तिसऱ्या वर्षी मे महिन्यात सकाळी सात वाजता तिथे चहा घेऊन बसले, तर ऊन थेट पानांवर.

करायचे ते एवढेच. मार्चच्या पहिल्या रविवारी सकाळी ९, दुपारी १ आणि ४ वाजता प्रत्येक बाल्कनीचा फोटो काढा. एप्रिलच्या पहिल्या रविवारी पुन्हा काढा आणि दोन्ही शेजारी ठेवून बघा. मग कुंड्या हलवा:

- पश्चिमेच्या कठड्यावर फक्त बोगनवेल, अडेनियम, सदाफुली, चिनी गुलाब आणि कोरफड. बाकी सगळे खाली, कठड्याच्या सावलीत.
- नेचे, मनीप्लांट, पीस लिली आणि शोभेची रुंद पानांची झाडे उत्तरेच्या बाल्कनीतून एप्रिलमध्ये आत सरकवा किंवा दक्षिणेला न्या.
- मोगरा, जास्वंद, तुळस आणि कढीपत्ता जिथे दुपारी एकपर्यंतच ऊन असते तिथे.

सावधान: सावलीतली कुंडी एकदम उन्हात नेऊ नका. पानांवर पांढरट-तपकिरी डाग पडतात आणि ते पान पुन्हा हिरवे होत नाही. रोज तासभर वाढवत आठवडाभरात सरकवा.

## टप्पा २: माती आधी, झाड नंतर

कुंडी रिकामी करून मग माती शोधायला पळू नका. मुळे उघडी पडली की पाच मिनिटांतसुद्धा सुकतात. मिश्रण आठ दिवस आधी तयार ठेवा.

माझे प्रमाण: दोन घमेली माती, एक घमेले गांडूळखत किंवा पूर्ण कुजलेले शेणखत, एक घमेले भिजवून धुतलेले कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि त्यात चार-पाच मुठी निंबोळी पेंड. काळी माती असेल तर थोडी जाड वाळू हवीच, नाहीतर उन्हात कुंडीतली माती कडेने सुटते आणि पाणी कडेने वाहून जाते.

दोन तपासण्या करा. शेणखत हातात घेऊन वास घ्या. शेणाचा वास आला किंवा मध्ये गरम लागले, तर ते कच्चे आहे, मुळे जाळेल. आणि कोकोपीटची वीट पाण्यात फुगवल्यावर ते पाणी फेकून पुन्हा दोनदा धुवा, कारण त्यात क्षार असतात.

कुंडीच्या तळाशी खडीचा थर घालायची पद्धत मी सोडून दिली आहे. त्याने निचरा सुधारत नाही, फक्त मुळांची जागा कमी होते. भोकावर एक खापराचा तुकडा, बाकदार भाग वर करून, पुरे.

## टप्पा ३: छाटणी, पण प्रत्येकाची नाही

छाटणी म्हटले की लोक सिकेटर घेऊन सगळ्या बागेवर तुटून पडतात. इथे झाड बघून ठरवायचे.

मोगरा: मोगऱ्याला कळ्या नव्या फुटव्यावर येतात, त्यामुळे छाटणी हवीच. फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यात करा. आधी आठ-दहा दिवस पाणी कमी करून ताण द्या. मग एक तृतीयांश उंची छाटा, जुनी पाने खुडा, वरची माती खुरप्याने हलकी करून दोन मुठी खत घाला आणि भरपूर पाणी द्या. सहा ते आठ आठवड्यांत कळ्या दिसतात. मार्चच्या शेवटी छाटलात, तर ऐन हंगाम हातचा गेला.

जास्वंद: शेंडे चार-पाच इंच छाटा. आतल्या, एकमेकांवर घासणाऱ्या फांद्या काढा म्हणजे हवा खेळते. पिठ्या ढेकूण, म्हणजे कापसासारखी दिसणारी पांढरी कीड, लपतो तो याच गर्दीत.

कढीपत्ता: हिवाळाभर थबकलेले असते ते आता जागे होते. शेंडा खुडला की दोन फांद्या फुटतात. फुलांचे तुरे आले तर पानांसाठी तेही खुडा.

तुळस: मंजिऱ्या नियमित काढा. मंजिऱ्या धरलेली तुळस एप्रिलमध्ये पटकन म्हातारी होते.

गुलाब: हात लावू नका. आपल्याकडे गुलाबाची मोठी छाटणी पाऊस संपल्यावर, ऑक्टोबरात होते. आता फक्त सुकलेली फुले देठासकट काढायची. मार्चमध्ये भादरलेला गुलाब कोवळे फुटवे घेऊन उन्हाळ्याला सामोरा जातो आणि तेच फुटवे आधी जळतात.

छाटण्याआधी: पानांत घरटे आहे का बघा. बुलबुल आणि शिंजीर याच दिवसांत कुंडीतल्या झाडांवर हक्क सांगतात. शिंजीरचे घरटे कोळ्याच्या जाळ्यांत अडकलेल्या कचऱ्यासारखे लोंबत असते, आणि झाडून टाकायला आपला हात पुढे जातोच. अंडी दिसली तर त्या झाडाची छाटणी महिनाभर विसरा. माझा कढीपत्ता एका वर्षी बुलबुलांमुळे छाटायचा राहिला. काही बिघडले नाही, फोडणीला पाने शेजारून आणली.

## टप्पा ४: कुंडी बदलणे

आधी विचारा, बदलायची गरज आहे का? तीन खुणा आहेत: भोकातून मुळे बाहेर आली आहेत, पाणी घालताच क्षणात खालून निघून जाते, किंवा वर्षभरात वाढ थांबली आहे. यातले काहीच नसेल, तर वरची दोन इंच माती खरवडून नवे मिश्रण भरा, काम झाले.

गरज असेल तर:

१. आदल्या दिवशी संध्याकाळी झाडाला पाणी द्या. कोरड्या मातीतून काढताना बारीक मुळे तुटतात.

२. संध्याकाळी पाचनंतर काम सुरू करा. रात्र झाडाची.

३. नवी कुंडी जुनीपेक्षा दोन इंचच मोठी घ्या. सहा इंचांतून एकदम चौदा इंचांत टाकले, तर मुळे पोचत नाहीत तिथली माती ओली राहून कुजते.

४. नवी मातीची कुंडी आधी दोन तास पाण्यात बुडवा, नाहीतर ती पहिले पाणी स्वतःच पिते.

५. गोल गोल फिरलेली मुळे बोटांनी मोकळी करा, अगदी घट्ट असतील तर खालून इंचभर कापा.

६. झाड पूर्वी होते त्याच खोलीवर ठेवा. खोडाचा जास्त भाग मातीत गाडू नका.

७. वर काठाखाली दीड इंच जागा मोकळी ठेवा. त्याशिवाय आच्छादन कुठे घालणार?

८. पाणी देऊन सात दिवस उजेडाच्या सावलीत.

सावधान: यानंतर तीन आठवडे खत नाही. मिश्रणात आहे तेवढे पुरते.

तपासणी: आठव्या दिवशी सकाळी पाने ताठ असतील तर जागेवर न्या. दुपारी थोडी मलूल होऊन संध्याकाळी सावरत असतील तरी चालेल. सकाळीच लोंबलेली असतील तर सावलीतच राहू द्या आणि पाण्याचा मारा करू नका.

यातला एक अपवाद म्हणजे अडेनियम. त्याला ऊनच मानवते, त्याची कुंडी एप्रिलमध्येही बदलता येते. फक्त कापलेल्या मुळांना दोन-तीन दिवस सुकू द्यायचे आणि मग लावायचे.

## टप्पा ५: काय पेरावे, काय सोडावे

भेंडी, गवार, चवळी, काकडी, दोडका, कारले आणि लाल माठ फेब्रुवारी ते मध्य मार्च पेरा. भेंडीचे बी रात्रभर भिजवा, कारल्याचे कवच जाड, त्याला चोवीस तास द्या. भेंडी साधारण दीड महिन्यात तोडणीला येते. वेलभाज्यांना बारा ते चौदा इंचांची कुंडी लागते. दह्याच्या डब्यात दोडका होत नाही.

पालक आणि मेथी आता नको, पटकन फुलावर जातात. कोथिंबीर हवीच असेल तर सावलीत, थोडी थोडी, दर दहा दिवसांनी.

उरलेले बी कोरड्या काचेच्या बरणीत ठेवा. पाडव्याला गुढीसाठी आणलेला कडुनिंबाचा पाला इथे कामाला येतो. तो सावलीत चार-पाच दिवस, हाताने चुरा होईल इतका कोरडा करा आणि बियांच्या बरणीत व गहू-तांदळाच्या डब्यात घाला. ओला पाला डब्यात कोंबला तर किडीऐवजी बुरशी लागते. ही चूक मी स्वतः दहा किलो गव्हावर केली आहे.

## टप्पा ६: खत आणि होळीची राख

खताची वेळ छाटणीबरोबर, म्हणजे फेब्रुवारी-मार्च. भर उन्हाळ्यात रासायनिक खताचे दाणे कुंडीत टाकू नका. पाणी आटले की क्षार उरतात आणि पानांच्या कडा करपतात. एप्रिल-मेमध्ये दर पंधरा दिवसांनी पातळ शेणपाणी किंवा मूठभर गांडूळखत बास.

होळीच्या दुसऱ्या दिवशी पिशवी भरून राख आणणारे पुष्कळ आहेत. राखेत पालाश असते हे खरे, पण ती अल्कधर्मी असते आणि आपली काळी माती आधीच तशी. त्यातून सार्वजनिक होळीत रंगवलेली फळकुटे आणि प्लॅस्टिकही जळालेले असते. घरच्या लाकडाची राख असेल तर मोठ्या कुंडीला चमचाभर, तीही वर्षातून एकदा. अनंताला अजिबात नाही. घरच्या लाकडाची उरलेली राख चाळून, थंड करून कडधान्यात घाला. पूर्वी घरोघरी मूग-मटकी राखेतच ठेवत.

स्वयंपाकघरातले काय चालते? तांदूळ-डाळ धुतलेले पाणी चालते. चहाचा चोथा साखर-दूध धुऊन, वाळवून चालतो. मीठ घालून भाजी उकडलेले पाणी चालत नाही. आरओ यंत्रातून बाहेर पडणारे पाणी रोज कुंड्यांना घालू नका, त्यात क्षार साठलेले असतात. ते फरशी पुसायला ठेवा. एसीतून ठिबकणारे पाणी मात्र जवळजवळ क्षारमुक्त असते. नळीखाली बादली लावा.

## टप्पा ७: आच्छादन

याच दिवसांत रस्त्यावर पानांचा खच पडतो. आपल्याकडच्या पुष्कळ झाडांची पानगळ नवी पालवी येण्याच्या तोंडावर, फेब्रुवारी-मार्चमध्ये होते. पिंपळाची कोवळी पाने तांबूस दिसतात ती त्यांतल्या लाल रंगद्रव्यामुळे, आणि ते कडक उन्हापासून पानाला जपते. रस्त्यावरची गळालेली पाने पोत्यात भरून आणा. सोसायटीचा माळी जाळण्याआधी गाठा.

दोन इंच जाडीचा थर सगळ्या कुंड्यांवर पसरा. बदामाच्या मोठ्या पानांचा चुरा करा, अख्खी पाने एकावर एक चिकटून पाणी अडवतात. उसाचे पाचट आणि नारळाच्या शेंड्याही उत्तम. थर खोडापासून दोन बोटे लांब ठेवा, नाहीतर बुंधा कुजतो.

गच्चीवर कुंड्या थेट स्लॅबवर ठेवू नका. खाली दोन विटा द्या. काळ्या प्लॅस्टिकच्या कुंड्यांना बाहेरून ओले गोणपाट गुंडाळा, नाहीतर मुळे अक्षरशः शिजतात. शेडनेट ५० टक्क्यांचे पुरे. ७५ टक्क्यांच्या दाट जाळीच्या सावलीत भेंडी-काकडीला फळ धरत नाही.

## टप्पा ८: पाणी

सकाळी आठच्या आत. संध्याकाळी फक्त तहानलेल्या कुंड्यांना.

घालण्याआधी बोट दुसऱ्या पेरापर्यंत मातीत खुपसा. ओल लागली तर थांबा. वरची माती एप्रिलमध्ये नेहमीच कोरडी दिसते, तिच्यावर विश्वास ठेवू नका. आणि दुपारी मलूल झालेले झाड तहानलेलेच असते असे नाही. मुळे पुरवतील त्याहून जास्त पाणी पानांतून उडते म्हणून ते मान टाकते. सूर्य कलल्यावर बघा, मगच ठरवा.

सावधान: उन्हात पडलेल्या पाइपात पाणी चटका बसेल इतके तापते. आधी बादलीत सोडा, हात घालून बघा.

सावधान: कुंडीखालच्या बशीत पाणी साठू देऊ नका. डासाच्या अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस लागतात, म्हणून दर शनिवारी सगळ्या बश्या आणि पक्ष्यांच्या पाण्याचे भांडेही घासून रिकामे करा.

माठाची खरेदीही याच दिवसांत होते. नवा माठ चोवीस तास पाण्यात भरून ठेवा, ते पाणी झाडांना घाला आणि आतून फक्त ब्रशने घासा, साबण नको. साबण भिंतीत मुरतो आणि आठवडाभर पाण्याला वास येतो. माठ भिंतीला चिकटवून ठेवू नका, तिवईवर वाऱ्याच्या जागी ठेवा, कारण पाणी गार होते ते बाहेरून पाझरून उडाल्यामुळे. म्हणूनच कोकणातल्या दमट हवेत तोच माठ देशावर होतो तेवढा गार होत नाही. दोन-तीन वर्षांनी भिंतीची छिद्रे क्षारांनी बुजतात, पाझर मंदावतो आणि पाणी गार होईनासे होते. असा माठ टाकण्याआधी बाहेरून खसखसून घासून बघा. पाझर परत सुरू झाला तर अंगणातल्या लिंबाजवळ किंवा गच्चीवरच्या वाफ्यात गळ्यापर्यंत पुरा, भरून वर झाकणी ठेवा. पाणी मुळांपाशी हळूहळू झिरपत राहते.

## टप्पा ९: कीड दिसली की त्याच दिवशी

उष्णता वाढली की जास्वंदीवर पिठ्या ढेकूण आणि पानांच्या खाली लाल कोळी. खोडावर मुंग्यांची रांग लागली म्हणजे वर पिठ्या आहे असे समजा. आधी पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुवा. मग लिटरभर पाण्यात ५ मिली कडुनिंबाचे तेल आणि २-३ मिली भांडी घासायचे लिक्विड, नीट घुसळून, सूर्य मावळताना पानांच्या दोन्ही बाजूंना. दर सात दिवसांनी, तीन वेळा. दुपारी फवारलेत तर कीड राहील आणि पाने जळतील.

## टप्पा १०: गावाला जाताना

मे महिन्यात आठवडाभर घर बंद. शेजाऱ्यांना किल्ली देणे उत्तम, पण रोज किती पाणी घालायचे ते लोटीने दाखवा. "थोडं घाला" म्हटले की कोणी वाटीभर घालते, कोणी बादली.

किल्ली देणार नसाल तर सगळ्या कुंड्या सावलीत एकमेकींना चिकटवून ठेवा. मध्ये उंच स्टुलावर पाण्याची झाकलेली बादली, तिच्यातून जुन्या सुती साडीच्या पिळलेल्या वाती प्रत्येक कुंडीत चार इंच खोल. वाती आधी भिजवून घ्या, कोरडी वात पाणी ओढत नाही. निघण्याआधी दोन दिवस घरी असताना ही व्यवस्था चालवून बघा. पहिल्या खेपेस माझी बादली एका रात्रीत रिकामी झाली होती, वात फार जाड होती.

आणि परत आल्यावर कुंडी ठणठणीत कोरडी सापडली, तर वरून तांब्या ओतू नका. वाळलेले कोकोपीट पाणी झिडकारते, सगळे कडेने निघून जाते आणि आतला गोळा कोरडाच राहतो. टबात पाणी भरा, कुंडी काठापर्यंत बुडवा आणि बुडबुडे यायचे थांबेपर्यंत तशीच ठेवा.